चौदा वेळा तीन

बच्चू लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून दारात उभा राहिला आणि बूट काढायच्याही आधी म्हणाला, "आत्या, एक डंप बघून देतेस?"

आत्याला हसूच आलं. निवृत्त होऊन तिला आठ वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत या भाच्याने तिच्या गुडघ्यांची चौकशी केली होती, रक्तदाबाची केली होती, एकदा आडून आडून घर विकण्याचीही केली होती. डंप बघून दे असं पुन्हा कुणी म्हणेल, ही आशा मात्र तिने केव्हाच सोडून दिली होती.

"आधी चहा घे. मेलेला प्रोग्रॅम कुठे पळून जाणार आहे?"

"मेलेला नाही गं, अडकलेला. आणि मला वेळ नाहीये. सोमवारी चौकशी आहे."

चौकशी कसली, ते त्याने चहा कपात ओतून होईपर्यंत सांगितलं. ज्या कंपनीत आत्याने एकतीस वर्षं काढली आणि जिथे आता बच्चू होता, ती कंपनी रुग्णांच्या उशाशी लावायची यंत्रं बनवायची. नाडी मोजायची, ती पडू लागली की गजर करायचा, आणि मदतीचं बटण दाबलं की डॉक्टरांच्या खोलीत दिवा लावायचा, एवढंच त्या यंत्राचं काम. तीन आठवड्यांपूर्वी एका इस्पितळाच्या सात नंबरच्या वॉर्डात, भर दुपारी, एक म्हातारे गृहस्थ गेले. गजर वाजला नाही. यंत्र तेवढ्यातच कुठेतरी अडकून पडलं होतं.

"पण गजर का वाजला नाही, ते कळलंय," बच्चू म्हणाला. "ड्यूटीवरच्या सिस्टरने बंद केला. गजर बंद करायचं बटण चौदा वेळा दाबलंय बाईने. डंपमध्ये चक्क दिसतंय. मी तसा अहवालही दिलाय. आता यंत्र का अडकलं, तेवढा एक परिच्छेद हवाय. तो काही मला जमत नाहीये."

"सिस्टर काय म्हणते?"

"आधी म्हणायची, मी मदतीचं बटण दाबलं. दोन्ही हात म्हाताऱ्याच्या छातीवर होते म्हणे, दाब देत होती, म्हणून बटण कोपराने दाबत होती, बघायला वेळ नव्हता. दोन्ही बटणं शेजारीशेजारीच आहेत. मग काल दिलं लिहून. 'माझ्या हातून चुकून गजर बंद झाला असावा.' सही केली आणि गेली."

"चौदा वेळा?" आत्याने कप खाली ठेवला. "एकदा बंद झालेला गजर पुन्हा तेरा वेळा कोण बंद करेल रे?"

"घाबरली असेल."

"हं," आत्या म्हणाली. तिच्या हाताखाली काम केलेली माणसं या 'हं'ला टरकून असत. बच्चूने ते दिवस पाहिले नव्हते.

आत्याने चष्मा पुसला आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. तिच्या उमेदीच्या काळात डंप कागदावर यायचा. दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्यांवर घड्या पडलेला जाड गठ्ठा टेबलावर आदळायचा आणि तो वाचायला लाल पेन्सिल, पट्टी आणि दोन दिवस लागायचे. प्रोग्रॅम कोसळला किंवा अडकला, की त्या क्षणी त्याच्या स्मरणात जे जे होतं ते सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, म्हणजे डंप. त्यात काही हलत नाही, काही बदलत नाही. अर्धवट बोललेलं वाक्य अर्धवटच राहतं. आता कागद गेले, पेन्सिल गेली. डंपची फाइल डीबगर नावाच्या प्रोग्रॅमला दाखवायची, की तो सगळं मांडून देतो. पण डंपमध्ये असतात नुसते आकडे. कोणत्या आकड्याला काय म्हणायचं, ते डीबगरला ठाऊक नसतं. त्यासाठी प्रोग्रॅम तयार होतानाच त्याच्याबरोबर नावांची एक फाइल तयार होते. प्रोग्रॅमवर आणि नावांच्या फाइलवर एकच खूण उमटवलेली असते. प्रोग्रॅमची प्रत्येक आवृत्ती वेगळी, तशी तिची नावांची फाइलही वेगळी.

बच्चूने डंप उघडला. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकल्या. त्यातली एक पिवळी होती.

"थांब. ही पिवळी काय म्हणते?"

"ती नेहमीच येते."

"माझ्या वेळी नेहमी येत नव्हती." आत्याने ती मोठ्याने वाचली. नावांची फाइल या प्रोग्रॅमशी जुळत नाही, तरीही जबरदस्तीने जोडली आहे, अशा अर्थाची ओळ होती ती. "जबरदस्ती कुणी केली?"

"मी. नाहीतर नावंच दिसत नव्हती गं. डीबगर सारखा अडून बसत होता."

प्रोग्रॅम अडकला त्या क्षणी कोण कुणाला काम सांगून वाट बघत बसलं होतं, त्याची यादी आत्याने मागितली. यादी आली. तिने बोट ठेवून खालून वर वाचली, पुन्हा वरून खाली वाचली.

"इथे बॅटरी मोजणारा भाग रुग्णाचं नाव छापणाऱ्याला हाक मारतोय. कशाला बरं?"

"डंप अर्धवट निघाला असेल."

"डंपला दोष देऊ नकोस. तो बिचारा आहे तसा आहे." ती त्याच्याकडे वळली. "सात नंबरमध्ये कोणती आवृत्ती आहे?"

"नवी. चार महिन्यांपूर्वी सगळ्या वॉर्डांत बसवली. मीच बसवली. कुठे कुठे बसवली त्या यादीत माझी खूण आहे."

"तू स्वतः सात नंबरमध्ये गेला होतास?"

तिशी उलटलेला बच्चू टेबलक्लॉथच्या कडेचा दोरा ओढू लागला. हा दोरा ओढण्याचा प्रकार आत्या त्याच्या पाचव्या वर्षापासून पाहत आली होती.

"त्या दिवशी तिथे एकही खाट रिकामी नव्हती," तो म्हणाला. "यंत्रं बंद कशी करणार? म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊन करू."

"आणि खूण?"

"ती आधीच केली होती. यादी त्याच संध्याकाळी पाठवायची होती ना. मग राहूनच गेलं. मी विसरलो, आत्या. खरंच डोक्यातून गेलं."

"जुनी नावांची फाइल मागव. कंपनीच्या कोठारात असेल. की माझ्याबरोबर तिलाही घरी बसवलं?"

फाइल उतरायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात चहावर साय धरली. बच्चूने नवी नावं काढून जुनी जोडली. खुणा जुळल्या. पिवळी ओळ या वेळी आलीच नाही, आणि सगळी यादी एखाद्या शहाण्या माणसासारखी बोलू लागली. बॅटरीवाला आपल्या जागी गेला, नाव छापणारा आपल्या.

अडकण्याचं कारण पाच मिनिटांत सापडलं. गजर करणाऱ्या भागाने पडदा धरून ठेवला होता आणि तो नाडीच्या नोंदवहीची वाट बघत होता. नोंदवही सांभाळणाऱ्याने वही धरून ठेवली होती आणि तो पडद्याची वाट बघत होता. आधी तू सोड, आधी तू सोड. दोघांपैकी कुणीच सोडलं नाही. नव्या आवृत्तीत ही खोड काढून टाकलेली होती. म्हणून तर ती बसवायची होती.

"झाला तुझा परिच्छेद," आत्या म्हणाली. "आता ती बटणं दाखव."

प्रोग्रॅम अडकला तरी बाहेरून येणाऱ्या गोष्टी दारात रांग लावून उभ्या राहिल्या होत्या. नाडीचे ठोके आणि दाबलेली बटणं, आली त्याच क्रमाने. डीबगरने ती रांग मांडली. अठ्ठावन्न. एक्कावन्न. चव्वेचाळीस. मग एका बटणाचा आकडा, तीन. एकोणचाळीस. तीन. मग नाडीचे आकडे बरळल्यासारखे झाले; कुणीतरी बाहेरून छाती दाबत होतं, त्याचे ते धक्के. त्यांच्यात अधूनमधून तीन, तीन, पुन्हा तीन. शेवटी नुसती शून्यं, आणि त्या शून्यांतही दोनदा तीन. आत्याने मोजले. चौदा.

नव्या आवृत्तीत बटणांच्या यादीच्या डोक्यावर एक नवीन बटण घातलं होतं, त्यामुळे बाकीची सगळी एकेक घर खाली सरकली होती. नव्या यादीत तीन म्हणजे गजर बंद. हे यंत्र जुनं होतं. जुन्या यादीत तीन म्हणजे मदत.

बच्चूने ते आत्याच्या आधी वाचलं असावं, कारण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ती हाका मारत होती," आत्या म्हणाली.

"आत्या, सोमवारपर्यंत थांबूया. मी नीट विचार करतो."

"कसला विचार? तू ठरवलंस म्हणून तीन काही बदलणार आहे का?"

"माझी नोकरी जाईल."

"जाईल."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. तुला तिथे मीच चिकटवलं होतं." तिने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "पण त्या बाईने कालच सही केली आहे, बच्चू. न केलेल्या गोष्टीवर. मला ते जास्त वाटतं."

"आईला काय सांगू?"

"वहिनीला मी सांगते. तू साहेबांना फोन लाव. माझ्यासमोर लाव."

त्याने लावला. आत्या खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. त्याला बोलताना तिच्याकडे बघावं लागू नये, एवढं तिला त्याच्यासाठी करता आलं. त्याने काहीही झाकलं नाही. खूण, खाटा, पिवळी ओळ, सगळं सांगितलं. पलीकडच्या साहेबांनी एवढंच विचारलं की हे अजून कुणाला माहीत आहे का.

"सिस्टरला आता कळेल," आत्या खिडकीकडूनच मोठ्याने म्हणाली.

सिस्टरचा पत्ता बच्चूच्या कागदांत होता. ते दुपारी पोचले. दार तिने स्वतःच उघडलं. चाळिशीची, रुंद मनगटांची बाई. आत इस्त्रीच्या टेबलावर चार पांढरे युनिफॉर्म घड्या घालून ठेवलेले होते, पाचव्यावर इस्त्री चालू होती.

"परत करायचेत," ती म्हणाली. "चुरगळलेले देणं बरं दिसत नाही. तुम्ही कंपनीचे ना? मी सही केली की काल."

"ती सही मागे घ्या," आत्या म्हणाली. "तुम्ही मदतीचंच बटण दाबलं होतं. आमच्या वाचण्यात चूक झाली."

"माझ्या वाचण्यात," बच्चू म्हणाला. त्याने छापून आणलेला कागद टेबलावर पसरला आणि सगळं सांगितलं. भराभर, अडखळत, मान वर न करता. सिस्टरने इस्त्री बंद केली, वायर गुंडाळली, आणि कागदावर वाकली.

"हे तीन म्हणजे मदतच? नक्की?"

"नक्की," आत्या म्हणाली. "एकदाही चुकला नाहीत."

"तीन आठवडे मी रोज कोपर वळवून बघतेय," सिस्टर म्हणाली. "कसं पडलं असेल, कुठे पडलं असेल. शेवटी मलाच वाटायला लागलं, की मीच केलं. नवराही म्हणाला, यंत्र कशाला खोटं बोलेल." ती कसनुशी हसली. मग तिचं हसू गेलं. "पण मग तिकडे दिवा?"

तिने आत्याकडे पाहिलं, मग बच्चूकडे.

"डॉक्टरांच्या खोलीत दिवा लागला ना? ते म्हणाले, लागला नाही. मला वाटलं, मी चुकीचं दाबलं म्हणून लागला नसेल. मी बरोबर दाबलं होतं, तर?"

"यंत्र अडकलं होतं," आत्या म्हणाली. तिला वाक्य लांबवावंसं वाटत होतं, पण लांबवायला काही नव्हतं. "तुमची हाक आतच राहिली. एकही बाहेर गेली नाही."

सिस्टर खुर्चीवर बसली.

"मला वाटत होतं, डॉक्टर येतायत," ती म्हणाली. "बटण दाबलंय म्हणजे येतायत. म्हणून तर मी आजोबांना सोडून गेले नाही. आता येतील, आता येतील." तिने कागद बच्चूकडे सरकवला. "पहिला तीन आणि शेवटचा तीन, यांच्यामध्ये किती वेळ होता? तुमच्या त्या फाइलमध्ये असेल ना?"

बच्चूने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली. सांग.

"सहा मिनिटं चाळीस सेकंद."

"डॉक्टरांची खोली शेजारीच आहे," सिस्टर म्हणाली. "पळत जाऊन यायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही."