मागच्या सीटखालची गुणगुण

दुपारचं ऊन गॅरेजच्या पत्र्याच्या भोकांतून खाली गळत होतं आणि त्या उजेडात जुनी डिझेल गाडी डोळे मिटून पडल्यासारखी उभी होती. आठ दिवस झाले, सुरू होण्याचं नाव घेत नव्हती. स्टिअरिंगपाशी लेक बसली होती. मागच्या सीटवर तिचं सहा महिन्यांचं बाळ, लाडाचा बोकोबा, रडून रडून लाल. काल रात्री त्याने तिच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता, त्यामुळे तिला सगळं पाण्याखालचं दिसावं तसं दिसत होतं.

तिचे बाबा चाळीस वर्षांचे मिस्त्री. पंप तपासायची त्यांची रीत एकच. किल्ली अर्धी फिरवायची आणि मागच्या सीटला कान लावायचा. त्या सीटखालच्या टाकीतला विजेवरचा पंप काही सेकंद गुणगुणला, तर जिवंत. मीटर-बिटर त्यांच्या लेखी पोरखेळ.

"फिरव," सीटवर कान टेकवून बाबा म्हणाले.

तिने किल्ली फिरवली. बोकोबा एकदम गप्प झाला. काही सेकंद टकामका बघत राहिला आणि मग पुन्हा सूर धरला.

"गेला पंप," बाबा उठत म्हणाले. "असला आता मिळायचा पण नाही. चार वाजता भंगारवाला येतोय तेच बरं. गाडीबरोबर मीही रिटायर."

तिने पुन्हा किल्ली फिरवली. आरशात बोकोबा पुन्हा गप्प. आता तिलाही ऐकू आलं. झाकणबंद डब्यात भुंगा अडकावा तशी बारीक गुणगुण, बाबांच्या कानापासून हातभर अंतरावर.

वर्षभर घरात सगळे जरा चढ्या आवाजात बोलत होते. का, ते कुणी बोललं नव्हतं.

"बाबा, एकदा मोजून बघू या?"

"मेलेल्याची नाडी बघतेस होय?"

"तुमचीच लेक. खात्री केल्याशिवाय घास उतरत नाही."

तिने पिशवीतून बोकोबाची जुनी, बाद झालेली दुधाची बाटली काढली. बॉनेट उघडून, टाकीतून डिझेल गाळायच्या फिल्टरकडे येणारी नळी सोडवली आणि बाटलीत धरली. बाबांनी किल्ली फिरवली. डिझेल पन्नासची रेघ ओलांडून शंभराला टेकलं. मग ती नळी जागेवर लावून तिने बाटली रिकामी केली आणि फिल्टरमधून बाहेर जाणारी नळी तिच्यात धरली. पुन्हा किल्ली. या वेळी बाळाच्या लाळेइतकं आलं.

बाबा बाटली उजेडात धरून बघत राहिले.

"फिल्टर तुंबलाय," ते म्हणाले. "म्हणजे पंप..."

बोकोबाला कडेवर घेऊन तिने मागची सीट उचलली, बाबांचा तळवा टाकीच्या गोल झाकणावर ठेवला आणि पुढे जाऊन किल्ली फिरवली. बाबांच्या तळव्याखाली झाकण थरथरलं. ती थरथर थांबल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

"कान कधीपासून गं?"

"वर्ष झालं असेल."

"आणि तुम्ही सगळे माझ्यावर खेकसत होतात, ते..."

"खेकसत नव्हतो, बाबा."

ते हसले. मग फळीवरचा नवा फिल्टर काढून त्यांनी बसवला, नळ्यांत शिरलेली हवा काढली. दोनदा खोकून गाडी सुरू झाली. त्या घरघरीत बोकोबा मागच्या सीटवर हातपाय टाकून झोपी गेला आणि त्याच्याशेजारी तिचेही डोळे मिटू लागले.

चार वाजता गॅरेजच्या दारात हॉर्न वाजला. तिच्या पायाशी बसून हत्यारं पुसणाऱ्या बाबांनी मान वर केली नाही. तिने अर्धवट झोपेतच हात लांबवून त्यांची बाही ओढली, दाराकडे बोट केलं.

बाबा लगबगीने दारात गेले. "गाडी द्यायची नाही आता," त्यांनी भंगारवाल्याला सांगितलं, "आणि जरा हळू बोला. आत मायलेकरं झोपलीत."