गवताचा कावळा

आमच्या मखमलाबादच्या मळ्यात टेलिफोन आला तेव्हाच मी म्हटलं होतं, ही पीडा घरात घेऊ नका. कोणी ऐकलं नाही. पुढं त्याच टेलिफोनची तार राजच्या कॉम्प्युटरला जोडली, तेव्हा तर मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

जोडली माझ्या सुनेनं, रूपालीनं. माझा थोरला सावळीराम, त्याची ही बायको. बारावी झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि या दोन्हीची दिवसातून एकदा तरी घराला आठवण करून देणारी. कॉम्प्युटर मात्र तिचा नव्हे. माझ्या धाकट्यानं, राजनं, कॉलेजात असताना नाशकातल्या द्वारकेच्या बाजारातून एकेक तुकडा आणून, फुलांच्या क्रेटवर बसून तो जोडलेला. राज बंगलोरला गेला तसं मी त्या यंत्रावर माझं जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं. सुनेनं लुगडं ओढलं आणि त्याच लुगड्यानं कॉम्प्युटर पुसला. असा तिचा हात.

दुपारी फुलं बाजारात गेलेली असायची, बाया जेवायला बसायच्या, आणि ही त्याच्यासमोर. तार लावली की ते यंत्र शेपटीवर पाय पडलेल्या कुत्र्यासारखं केकाटायचं, मग गप व्हायचं, आणि ही हसायला लागायची.

"कोणाला हसतेस गं?"

"आत्याबाई, हा मराठी माणसांचा कट्टा हाय. कुठून कुठून लोक येतात. कुणाचा कॉम्प्युटर बिघडला, कुणाला प्रोग्राम लिहायला जमत नाही, तर इथं विचारायचं. ज्याला येतं तो सांगतो."

"फुकट?"

"फुकट."

"मग त्यांना घरी कोणी विचारत नसंल."

एके दिवशी मात्र ती हसली नाही. मी ओट्यावर शेवंती निवडत होते, तिथं येऊन उभी राहिली. म्हणाली, "जरा आत या. एक वाचून दाखवते."

कोल्हापूरच्या एका पोरीनं लिहिलं होतं, माझा प्रोग्राम थांबतच नाही, तेच तेच करत फिरत राहतो, रडू येतंय. खाली कोणीतरी उत्तर दिलं होतं. रूपालीनं ते सावकाश वाचलं. "ताई, रडू नका. समजा तुम्ही वाफ्यात पाणी सोडलंय. वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, हे बांधावर कोणी सांगायला नको का? तुम्ही पाणी सोडलंत आणि घरी निघून आलात. कुठं थांबायचं ते त्याला सांगा, थांबेल बिचारं."

माझ्या हातातली शेवंती हातातच राहिली. आमच्या मालकांनी दोन्ही पोरांना बांधावर उभं करून असंच शिकवलं होतं. 'थांबेल बिचारं' हेसुद्धा त्यांचंच. मोटरला बिचारं म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

"कोणाचं हे?"

"नाव राज हाय. नाशिकचा, बंगलोरला असतो, असं लिहिलंय."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"दिवाळीपासून."

"आणि मला आज सांगतेस?"

"तुम्ही भाऊजींचं नाव काढू देता का घरात?"

नव्हते देत. का, तेही सांगते.

मालक गेले तेव्हा दहाव्याला आम्ही रामकुंडावर होतो. पिंड मांडले, सगळे मागं सरले. कावळे भिंतीवर येऊन बसले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. असं झालं की घरच्यांनी पुढं व्हायचं आणि गेलेल्याचा जीव ज्यात अडकला असंल ते कबूल करायचं. सावळीराम हात जोडून म्हणाला, नाना, मळा विकणार नाही. कावळा हलला नाही. मग माझा भाऊ केरू राजला म्हणाला, "बाबा, तू म्हण. आईला सांभाळीन म्हण. मी आहे, काळजी करू नका, एवढंच म्हण. त्यांना तुझाच घोर होता."

राज उभा राहिला. बंगलोरची नोकरी त्याच्या खिशात होती, आणि ते मला त्या दिवशी, त्या पायऱ्यांवर कळलं. तो म्हणाला, "मामा, मी इथं राहणार नाही. नानांशी खोटं कसं बोलू?"

सगळं गणगोत ऐकत होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. ज्या माणसानं सारी हयात देवांना फुलं पुरवली, त्याला जाताना गवताचा कावळा मिळाला. पायऱ्या चढताना मी राजला म्हटलं, "माझ्या दहाव्याला येऊ नको. गवताचा कावळा मला सावळ्या करून देईल."

बोलले ते बोलले. त्यानं ते गाठीला बांधलं. फोन यायचा, पण मी उचलला तर, "दादाला द्या," एवढंच.

आता ऐका. कट्ट्यावर तो जे जे उत्तर देई, त्याच्या खाली एक ओळ असायची. रूपालीनं ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी तिला तीनदा वाचायला लावली.

*मी आहे, काळजी नको.*

कोल्हापूरच्या पोरीला, मी आहे. भुसावळच्या एका म्हाताऱ्या रेल्वे गार्डनं कीबोर्डावर चहा सांडला, त्याला आधी थट्टा, "काका, नुसता चहा? बिस्किट नाही दिलंत?", मग तो उलटा करून कसा वाळवायचा ते, आणि खाली, मी आहे. ज्यांचं तोंड पाहिलं नाही त्यांना तो रोज म्हणत होता. बापाला एकदा म्हणायचं होतं.

"आपलं यंत्र चालता चालता बंद पडतं ना?" मी रूपालीला म्हटलं. "विचार त्याला."

"तुमच्या नावानं?"

"माझ्या नावानं कशाला? सुलाबाई लिही." सुलाबाई म्हणजे आमची बांधापलीकडची शेजारीण. तिनं कॉम्प्युटर दुरूनही पाहिलेला नाही.

"त्यापेक्षा फोन करा ना सरळ."

"मी? आई मी हाय, का तो?"

तिनं लिहिलं; वय घातलं, गावाचं नाव घातलं नाही. संध्याकाळच्या आत उत्तर आलं.

"सुलाबाई काकू, नमस्कार. या वयात तुम्ही कॉम्प्युटर चालवता, फार बरं वाटलं. घाबरू नका. आधी वायर काढा, मग बाजूचा पत्रा उघडा आणि आत काय दिसतं ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी पत्रा उघडायला लावला. आत जळमटं, आणि एक एवढासा पंखा. तसं कळवलं. तो म्हणाला, जळमटं मऊ ब्रशनं काढा, पंखा बोटानं फिरवून बघा. मी कळवलं, पंखा कुरकुरतो, आमच्या गुडघ्यासारखा. त्यावर त्यानं लिहिलं, "काकू, मग तुम्ही खाली बसून काम करू नका. टेबलावर घ्या. पंख्याचं बघू, आधी गुडघे सांभाळा."

सुलाबाईचे गुडघे ठणठणीत आहेत. ती झाडावर चढते.

असं पुष्कळ दिवस चाललं. दुपार झाली की मी होऊन रूपालीला हाक मारायची, आणि ती सासू वठणीवर आल्यासारखी हसायची. हसू दे. शेजारणीच्या नावानं का होईना, लेक माझ्याशी बोलत होता.

एकदा मी म्हटलं, "बघ, किती मायेनं लिहितो. एकदासुद्धा विसरत नाही ती ओळ."

रूपालीनं खुर्ची माझ्याकडं वळवली. म्हणाली, "ते लिहीत नाहीत, आत्याबाई. एकदाच लिहून ठेवलीय, शिक्क्यासारखी. उत्तर पाठवलं की खाली आपोआप उमटते."

"आणि नको असली तर?"

"तर त्या उत्तरापुरती मुद्दाम काढावी लागते. एवढा खटाटोप कोण करतं?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शिक्का तर शिक्का, पण तो सुलाबाईच्या नावावर उमटत होता. मला तो माझ्या नावावर हवा होता.

राजनं कॉम्प्युटर जोडला ते दिवस उन्हाळ्याचे होते. डबा तापलेला पाहून मी त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं. उन्हात शेवंती ठेवायची तर आम्ही तेच करतो. राज ओरडत धावत आला, "आई, ही शेवंती नाही!" आणि मालक डोळ्यांत पाणी येईतो हसले. त्या वेळी घरात आम्ही तिघंच होतो. एक गेला. उरलो दोघं.

"लिही," मी रूपालीला म्हटलं, "यंत्र फार तापतं, म्हणून मी त्याच्यावर ओलं गोणपाट टाकलं, शेवंतीवर टाकतो तसं. चालेल का?"

"टाकलं की काय खरंच?" ती घाबरून बघायला लागली.

"मला काय खुळी समजतेस? लिही." मग तिला ती गोष्ट सांगितली.

तिचा हात थांबला. "ओळखतील ते."

"ओळखू दे."

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, कामात असंल. रूपाली म्हणाली, नाही, भुसावळच्या गार्डकाकांशी सकाळीच बोललेत. मग तिसऱ्या दिवशी आलं. तिनं वाचलं.

"ओलं काही टाकू नका. विजेचा धक्का बसेल. पंखा खराब झाला आहे. नवा द्वारकेला मिळेल."

"पुढं?"

"एवढंच."

"काकू, नमस्कार?"

"नाही." मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, आपण नाशिक लिहिलंच नव्हतं. त्यांनी द्वारका म्हटलंय."

"ते कळलं मला. खालची ओळ वाच."

ती वाचेना. मी चष्मा लावून खुर्ची ओढली. मी दोन इयत्ता शिकले, पण त्या ओळीचा आकार मला एव्हाना पाठ होता. उत्तराखाली पांढरं होतं. कोरं.

"त्या गार्डाचं काढ."

तिनं काढलं. सकाळचंच होतं. खाली ओळ होती.

रूपाली सारवासारव करायला लागली, कधी कधी चुकून राहतं, तार तुटली की अर्धंच येतं. मी तिला म्हटलं, तूच सांगितलंस ना, ती मुद्दाम काढावी लागते. माझ्यापुरता त्यानं तेवढा खटाटोप केला. पंखा बदला म्हणाला, धक्का बसेल म्हणाला, ते खरं होतं, म्हणून म्हणाला. बाकी खोटं झालं असतं. खोटं तो बापाशी बोलला नाही, माझ्याशीही नाही बोलायचा. पोटचा पोर हाय माझा.

सावळीरामनं द्वारकेहून पंखा आणला. यंत्र आता थंड असतं. काल दुपारी रूपाली त्याच्यासमोर बसून पुन्हा हसत होती.

"बंद कर ते," मी ओट्यावरून म्हटलं, "तापंल."

"आता नाही तापत, आत्याबाई. नवा पंखा हाय."

"तरी बंद कर."