कण्हेरीचं सासर

काळजी करण्याची परीक्षा असती, तर गुंडीची आई बोर्डात आली असती. तिनं कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं होतं. मुलगी झाल्यापासून त्या विद्येचा एकच उपयोग उरला होता: घरातल्या कुठल्या बाटलीत काय आहे आणि ते पोटात गेलं तर काय होईल, हे तिला तोंडपाठ होतं. फरशी पुसायचं औषध सगळ्यात वरच्या फळीवर गेलं, गोळ्यांचा डबा कुलपात गेला, टेबलाच्या चारी कोपऱ्यांना जुने मोजे चढले. आणि मुलगी तर अशी, की चौदा महिन्यांची झाली तरी एका जागी ठरत नव्हती. सुटलेल्या गुंडीसारखी कधी पलंगाखाली, कधी कपाटामागे. म्हणून गुंडी.

घरात एकच जागा गुंडीच्या आईच्या ताब्यात आली नव्हती, ती म्हणजे सासऱ्यांची बाल्कनी. आप्पांनी आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवलं आणि निवृत्त झाल्यावर कुंड्यांमध्ये बस्तान मांडलं. एकूण एकतीस कुंड्या. तिनं मोजल्या होत्या. आप्पा त्यांच्याशी बोलायचे, त्यांच्यावर रुसायचे, एखादीला चार दिवस कळी आली नाही तर जेवताना तोंड पाडून बसायचे. नवरा म्हणायचा, "अगं, त्यांचा जीव रमतो. जाऊ दे की." त्याचं काय जातंय! तो सकाळी आठला डबा घेऊन बाहेर पडायचा. माती, खत, गोगलगाई आणि गुंडी यांच्यामध्ये दिवसभर उभं राहायचं ते हिनं.

त्या दिवशी सकाळी गुंडीच्या ओठाला माती दिसली आणि तिचा तोल सुटला.

"आप्पा, बाल्कनीचं दार लावत जा म्हणून कितीदा सांगायचं?"

"लावलं होतं गं. तिनं ढकललं. जोर आलाय हो पोरीच्या अंगात!" आप्पा कौतुकानं म्हणाले.

ते कौतुकच नडलं. "तुम्हाला नात मोठी की झाडं मोठी, ते एकदा सांगून टाका," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं. पण तोंडातून निघालेलं परत घेता येईना. आप्पांनी हातातली झारी हळूच खाली ठेवली, पायात चपला सरकवल्या. "दाढी करून येतो," एवढंच म्हणाले आणि गेले.

मग तिनं तो सगळा राग भांड्यांवर काढला. दोन पातेली घासून झाली, तिसरं हातात घेतलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की घर गप्प आहे. गुंडी जागी असताना घर गप्प असणं ही काही चांगली गोष्ट नव्हती. ती ओल्या हातांनीच धावली.

दार सताड उघडं होतं. झारी उचलून आत ठेवायला ती स्वतःच बाहेर गेली होती आणि तणतणत परत येताना कडी घालायची विसरली होती. गुंडी कुंड्यांच्या मधोमध फतकल मारून काहीतरी चावत होती.

तिनं गुंडीच्या तोंडात बोट घालून हिरवा लगदा बाहेर काढला. गुंडीनं नाक मुरडलं, डोळे बारीक केले आणि आणखी हवं म्हणून हात पुढे केला. त्या मुठीत दोऱ्याएवढा एक देठ आणि नखाएवढी हिरवी शेंग होती. पान म्हणून काही शिल्लकच नव्हतं.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"काय खाल्लं?"

"पान."

"कशाचं?"

ती एकतीस कुंड्यांकडे बघत राहिली. बाटल्यांवरची सगळी नावं तिला येत होती, कुंड्यांमधलं एकही येत नव्हतं. दोन वर्षं ती त्यांच्यावर चिडण्यातच गुंतली होती.

"हिरवं होतं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"हे बघा, आधी तोंड धुवा, पाणी पाजा. उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. झाडाचं नाव कळलं की लगेच सांगा. सूज, गुंगी, उलटी, काहीही दिसलं तर मात्र नाव शोधत बसायचं नाही, तडक इकडे यायचं."

आप्पांना फोन लावला, तर तो घरातच टीव्हीशेजारी वाजला. मग तिनं तो देठ रुमालात गुंडाळला, गुंडीला कडेवर घेतलं आणि निघाली. सलून दोन गल्ल्या सोडून होतं. दर चार पावलांवर ती गुंडीचे ओठ बघत होती. गुंडी येणाऱ्याजाणाऱ्याला टाटा करत होती.

सलूनमध्ये आप्पा खुर्चीत बसले होते. अर्ध्या चेहऱ्यावर फेस, अर्धा गुळगुळीत.

"आप्पा! हिनं तुमच्या झाडाचं पान खाल्लं!"

आप्पा गळ्यातल्या कपड्यासकट ताडकन उठले. "अहो अहो, वस्तरा आहे हातात!" सलूनवाला ओरडला.

"कुठल्या झाडाचं?"

"तेच विचारायला आलेय ना मी!"

तिनं रुमाल उघडला. आप्पांनी चष्मा मागितला, तो फेसातच चढवला, शेंग चिमटीत धरली आणि जरा दाबली. शेंग टचकन फुटली आणि मोहरीहून बारीक दाणे उडून समोरच्या आरशावर बसले. गुंडी खदखदून हसली.

"आंबुशी!" आप्पा म्हणाले. "अगं, तण आहे ते. मी लावलेलंसुद्धा नाही, आपलं आपण उगवतं. लहानपणी आम्ही शाळेच्या वाटेवर चरत जायचो. आंबट लागतं, म्हणून तर ही परत मागत असेल."

"मागत होती," ती म्हणाली. ती बाकावर बसली. तिथूनच डॉक्टरीणबाईंना नाव कळवलं. "एखाददुसरं पान ना? मग घाबरू नका. आज जरा लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या. लक्ष ठेवायचं हे तिला सांगायची गरजच नव्हती.

जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच दुसरी शंका उभी राहिली. "पण आप्पा, मी पोचायच्या आधी तिनं दुसरंही काही तोडलं असेल तर? एकतीस कुंड्या आहेत."

"तोडलं असेल तरी काही होणार नाही."

"एवढं छातीठोकपणे कसं सांगता?"

आप्पांनी चष्मा काढून पुसायला घेतला. फेसाच्या बाजूनं तर काहीच कळेना, पण गुळगुळीत बाजू जरा लाजल्यासारखी दिसली.

"मी सांगतो वहिनी," सलूनवाला म्हणाला. "कारण जी काही विषारी होती, ती माझ्या दारात आहेत. त्या बघा तीन कुंड्या, वरच्या कट्ट्यावर. ती ठिपक्यांच्या पानांची, ती घाणेरी आणि ती कण्हेर. तुम्हाला दिवस गेल्याचं कळलं ना, त्याच आठवड्यात एकेक करून उचलून आणल्या. कण्हेर तर रिक्षात मांडीवर घेऊन आले. म्हणाले, पोरगी सासरी पाठवतोय, नीट सांभाळ."

"तू दाढी कर रे," आप्पा पुटपुटले.

"आणि दर तिसऱ्या दिवशी लेकीला बघायला येतात! दाढी कसली वाढतेय यांची? बहुतेकदा मी आपला नुसता फेस लावतो आणि पुसतो."

तिनं दाराबाहेर पाहिलं. कण्हेर आता माणसाच्या उंचीची झाली होती, गुलाबी फुलांनी लगडलेली. सासूबाईंनी त्या असताना हौसेनं लावलेली ही कण्हेर तिनं लग्न होऊन आल्यावर बाल्कनीच्या कोपऱ्यात पाहिली होती. मग एक दिवस तो कोपरा रिकामा दिसला. "कीड लागली, टाकून दिली," आप्पा म्हणाले होते. तिनं हळहळ म्हणून काही केली नाही. उलट बरं झालं, जागा झाली, असं म्हणून तिथं पुढे दुपटी वाळत घालायचा स्टँड उभा केला होता. आणि आज सकाळी तिनं याच माणसाला विचारलं होतं, नात मोठी की झाडं मोठी.

सलूनवाल्यानं आप्पांना पुन्हा खुर्चीत बसवलं, नवा फेस लावला, मान मागे केली. गुंडीला मांडीवर घट्ट धरून ती त्यांच्या खुर्चीजवळ सरकली.

"आप्पा, सकाळी मी जे बोलले..."

आप्पांनी तोंड उघडलं.

"बोलायचं नाही," सलूनवाला म्हणाला. "हनुवटी चाललीय."

आप्पांना आता उत्तर देता येत नव्हतं, 'जाऊ दे गं' म्हणून विषय बदलता येत नव्हता, उठून चपला घालता येत नव्हत्या. त्यामुळे ती सगळं बोलली. आज दार तिनंच उघडं टाकलं होतं, हेही सांगितलं. तिला सारखी भीती वाटते, आणि भीती वाटली की ती जो समोर दिसेल त्याच्यावर ओरडते, हेही. आपण एकटीच या मुलीला जपतोय असं दोन वर्षं वाटत होतं, आणि आपल्याही आधीपासून कुणीतरी जपत होतं, हे आज कळलं, असंही ती म्हणाली.

आप्पा छताकडे बघत होते. कपड्याखालून त्यांचा एक हात बाहेर आला आणि चाचपडत गुंडीच्या पायाला लागला. गुंडीनं त्यांचं बोट पकडलं आणि थेट तोंडात घातलं.

तिनं ते काढलं नाही.

सलूनवाला शहाणा माणूस होता. तेवढ्याशा हनुवटीला त्यानं त्या दिवशी चांगली दहा मिनिटं लावली.