छापून आलेला स्टोव्ह

इंदूचे सासरे अनंतराव लातूरच्या तहसील कचेरीत कारकून होते. सोलापूरहून येणारे साप्ताहिक ते दर गुरुवारी ओट्यावर बसून मोठ्याने वाचत, आणि ऐकायला आळीतली दहाबारा माणसे जमत. मथळा ते असा गर्जून वाचत, की खालची बातमी ऐकण्याइतका दम कुणाला निघतच नसे. कुणी शंका काढलीच, तर उत्तर ठरलेले होते, "छापून आलंय. मग खोटं कसं असंल?"

एका गुरुवारी मथळा निघाला, ‘स्टोव्हचा भीषण भडका! घरोघरी काळ दबा धरून बसला!’ झाले, एकच गलका उडाला. शेजारच्या भुजंगरावांनी तर उभे सोलापूर जळाल्याचे जाहीर करून टाकले. अनंतराव तडक स्वयंपाकघरात आले आणि इंदूचा स्टोव्ह त्यांनी माळ्यावर नेऊन ठेवला.

तो स्टोव्ह इंदूने नांदेडहून, माहेराहून आणला होता. तो आल्यापासून सासूबाईंचा, तारामतीबाईंचा, खोकला निम्म्यावर आला होता. आता पुन्हा चूल पेटली, आणि आठ दिवसांत त्या भिंत धरून चालू लागल्या. त्यांना तसे बघून इंदूचा जीव तीळतीळ तुटे.

एकदा भाजी निवडायला तिने तोच अंक पसरला. खाली बारीक टायपात खरी हकिगत होती. कुणा गृहस्थाने पेटत्या स्टोव्हात घासलेट ओतले आणि त्याचे धोतर जळाले. बस, एवढेच! घरोघरी काळ म्हणे! इंदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने संपादकाला पत्र लिहिले. घासलेट स्टोव्ह विझवून, गार झाल्यावर भरावे, हवा बेताने मारावी. दोन वर्षांत माझ्या पदराला ठिणगी लागली नाही. पण चुलीच्या धुराने माझ्या सासूबाई खोकून बेजार आहेत, त्याचा मथळा तुम्ही कधी छापणार? टपालाचे तिकीट तारामतीबाईंनीच आपल्या डब्यातून काढून दिले.

तिसऱ्या गुरुवारी अनंतराव गर्जले, ‘लातूरच्या रणरागिणीचे आव्हान! स्टोव्ह निर्दोष!’ संपादक काही सुधारला नव्हता. इंदू दाराआड येऊन उभी राहिली.

गावाचे नाव आल्यामुळे आज कुणी गलका केला नाही, आणि अनंतरावांना सगळे पत्र वाचावे लागले. सासूबाईंच्या खोकल्यापाशी त्यांचा आवाज खाली आला. शेवटी नाव आले, ‘सौ. इंदू’, आणि पुढे आडनाव त्यांचेच. ते न वाचताच त्यांनी अंक मिटला.

"कोण हो ही बाई?" भुजंगरावांनी विचारले. "खरं लिहिलं असंल का?"

तारामतीबाई दाराआडून खोकत म्हणाल्या, "छापून आलंय. मग खोटं कसं असंल?"

अनंतरावांनी चष्मा पुसला. "आमच्या सूनबाई हायत त्या," ते म्हणाले. "बसा सगळे. चहा घेऊनच जावा."

मग ते स्वतः माळ्यावर चढले, स्टोव्ह उतरवला, धोतराच्या सोग्याने त्याची धूळ पुसली आणि इंदूपुढे ठेवला. इंदूने अभिमानाने स्टोव्हाला पिन केली आणि चहाचे आधण ठेवले. आणि बाहेर ओट्यावर अनंतराव तेच पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचत होते, या खेपेला मथळ्यापेक्षा नाव मोठ्याने.