मोहोळाशेजारची वाट

तुंगार्लीच्या पलीकडच्या कातळावर रविवारी लग्नाच्या पंगतीइतकी गर्दी असते. फरक एवढाच, की पंगतीत कुणी आपलं पान दुसऱ्याला देत नाही.

माझी भाची अनघा तिथे नेहमी चढते. सदुसष्टाव्या वर्षी मामानंही चढावं, असं तिला वाटलं. तिला नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून मी चढायला तयार झालो.

आमचा दोर सोप्या वाटेवर लागला होता. तेवढ्यात चिंचवडच्या कुठल्याशा कंपनीतली सहा माणसं आली. त्यांचा म्होरक्या प्रदीप नम्रपणे म्हणाला, "काका, आमचे सगळे नवखे आहेत. ही वाट मिळेल का?"

"घ्या की!" मी म्हणालो. मी स्वतः किती जुना होतो, ते त्यानं विचारलं नाही.

अनघानं दोर उजवीकडच्या वाटेवर हलवला. तिथून दहा हातांवर, कपारीखाली, आग्या मोहोळ होतं.

"गप्प चढायचं, मामा. त्यांना आवाज चालत नाही."

पायथ्याशी सरबत विकणाऱ्या भागूबाईंनी धीर दिला. "जावा बिनघोर. मागल्या साली एकाला चावल्या, पर आठ दिसांनी दिसाया लागलं त्याला."

मी तीस-चाळीस फूट चढलो असेन, तोच धुपाचा वास आला.

खाली पाहिलं. प्रदीपनं कातळाला हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ ठेवला होता आणि मूठभर धूप पेटवला होता. कड्याला पाय लावण्याआधी पूजा करणारी संस्कारी माणसं ती. धूर सरळ वर येत होता.

मोहोळाच्या काळ्या पाठीवरून एक लाट सरकली. मग दुसरी. हजारो पंख एकदम उघडून मिटत होते.

ओरडावं तर माश्या उठणार. अनघाच्या दोन्ही हातांत माझा दोर, तिला जागचं हलता येईना. तिनं मानेनं खूण केली: हात सोड, दोरावर बस, मी उतरवते. मला ती खूण कळली. माझ्या बोटांना कळेना.

भागूबाईंनी सरबताची अख्खी कळशी धुपावर ओतली. प्रदीप "अहो मावशी" म्हणणार, तोच त्यांनी त्याच्या तोंडावर हात दाबला.

"गप ऱ्हा! वर मानूस हाय."

तेव्हाच एक माशी माझ्या वरच्या ओठावर बसली.

मी हात सोडले. ते धाडस नव्हतं. तिला हाकलायला हात मोकळा हवा होता. पण लोंबकळताना हात उचलायचीही भीती वाटली. अनघा मला वीत वीत खाली सोडत होती. माशी ओठावरून नाकपुडीपर्यंत चालत गेली आणि परत आली.

पाय जमिनीला टेकले. प्रदीप हात जोडून पुढे आला आणि कुजबुजला, "काका, चुकलं आमचं. तुमची वाट तुम्ही परत घ्या."

तो उत्तराची वाट पाहत राहिला. मी ओठ मिटून, डोळे विस्फारून त्याच्याकडे पाहत होतो. बिचाऱ्याला वाटलं, मी रागावलोय.

"खरंच सॉरी, काका," तो आणखी जवळ आला.

मग त्याला माशी दिसली. तो तसाच थिजला.

ती कधी उडाली, कळलं नाही. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा मोहोळावर लाटा चालूच होत्या आणि सगळे पाठपिशव्या पोटाशी धरून, न बोलता, डोंगर उतरायला लागले होते. अनघानं माझी गाठ सोडवली, आपला नवा दोर तसाच कड्यावर ठेवला आणि माझा हात धरला.

सपाटीवर आलो तरी तिनं तो सोडला नाही. मला वाटलं होतं, तिला भीती वाटतच नाही.