दादाचा नवा नियम

बबीने पलंगावरची धुतलेली चादर ओढून काढली आणि एक टोक हनुवटीखाली धरून घडी घालायला घेतली. पलीकडच्या खोलीतून आईने विचारलं,

"पुन्हा?"

"पुन्हा," बबी हनुवटी न हलवता म्हणाली.

"आता काय काढलंय त्यांनी?"

"इतके दिवस विमानात बसायच्या आधीची तीन दिवसांतली टेस्ट चालत होती. कालपासून दोन दिवसांतली लागते. दादाची तिसऱ्या दिवसात गेली."

"म्हणजे नाकात काडी घालून घेतली ती फुकटच."

"फुकटच."

आई म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आणि इथे तर नाकावरच सगळं अडलंय."

बबीला हसू फुटलं, हनुवटीखालचं टोक निसटलं आणि घडी पहिल्यापासून घालावी लागली.

पन्नाशीला टेकली तरी घरात ती बबीच होती. दादा परदेशात राहायचा आणि साथ सुरू झाल्यापासून त्याचं येणं झालं नव्हतं. तो येणार म्हटलं की बबीचं बिऱ्हाड तिच्या खोलीतून आईच्या खोलीत हलायचं, पलंगावर चांगली चादर पडायची, कपाटातला एक कप्पा रिकामा व्हायचा. मग फोन यायचा आणि सगळं होतं तसं जागच्या जागी. ही चौथी वेळ होती.

पहिल्या वेळी त्याने ज्या लॅबमध्ये टेस्ट केली ती सरकारच्या यादीत नव्हती. दुसऱ्या वेळी लॅब यादीतली होती, पण रिपोर्टवर क्यूआर कोड नव्हता. आई त्याला चौकोन म्हणायची. तिसऱ्या वेळी चौकोन होता, तर वाटेत जिथे विमान बदलायचं त्या देशाने स्वतःची वेगळी टेस्ट मागायला सुरुवात केली. त्या देशात दादा फक्त चार तास खुर्चीवर बसणार होता. काउंटरवरची बाई एक सांगायची, हेल्पलाइनवाला दुसरं, दोघंही म्हणायचे वेबसाइट बघा, आणि वेबसाइट उघडावी तर तिच्यावर कालचे नियम. दादा हे सगळं फोनवर मीठमसाला लावून सांगायचा. सुरुवातीला बबी त्याच्या वतीने चिडायची, न पाहिलेल्या अधिकाऱ्यांचा उद्धार करायची. आता चिडायलाही अंगात जोर लागतो हे तिच्या लक्षात आलं होतं.

आणि घाई होती ती आईच्या डोळ्यांची. तिच्या नजरेचा मधला भागच विरत चालला होता. कडेचं थोडंफार दिसायचं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं त्याच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग. डॉक्टर म्हणाले होते, जे बघून घ्यायचं ते लवकर बघून घ्या. त्यावर आई म्हणाली होती, "माझं सगळं बघून झालंय हो. एक मुलगा तेवढा बघायचा राहिलाय."

त्या चौथ्या वेळेनंतरही दादाचे फोन येत राहिले आणि दर वेळी काहीतरी आडवं आलेलं असायचं. बबीने आता चादर घालणं सोडलं होतं, ती घडी घालून उशाशी ठेवायची.

कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात ती शिलाई मशीनवर बसायची. साथीच्या काळात लोक घरात बसून खात राहिले होते आणि आता सगळं गाव कंबर सैल करून घ्यायला दुकानात लोटलं होतं. अशीच एक बाई तीन पॅंट्स घेऊन आली. गप्पिष्ट होती. बोलता बोलता कळलं की ती दादाच्याच देशातून चार दिवसांपूर्वी आली आहे.

"टेस्टचा फार त्रास झाला असेल," बबी टेप लावत म्हणाली.

"कसली टेस्ट? ते उठलं की. महिना होऊन गेला. पासपोर्ट दाखवला आणि बाहेर."

बबीने टेप दोनदा लावला तरी माप डोक्यात राहीना.

संध्याकाळी घरी येऊन ती आपल्या खोलीत गेली आणि दादाला फोन लावला.

"दादा, टेस्टचा नियम उठलाय."

बबी पलंगावर बसली.

"महिना झाला म्हणे."

"माहीत आहे मला," दादा म्हणाला.

"मग परवा तू सांगत होतास ते चौकोनाचं?"

"ते जुनंच. पुन्हा सांगितलं."

"मग घोडं पेंड खातंय कुठे?"

"चारही वेळा खरंच अडवलं गं मला. देवाशपथ. एकदा तर बॅग काट्यावर ठेवली होती, ती उचलून परत आलो." तो थांबला. "पाचव्या वेळी अडवायला कुणी नव्हतं. बॅग भरली आणि तिच्याशेजारी बसून राहिलो. बबे, मी दारात उभा राहीन आणि आई माझ्याकडे बघून विचारेल, कोण आहे? ते मला नाही झेपायचं."

बबीच्या डोक्यात तिडीक गेली.

"मला रोज विचारते," ती म्हणाली. "दुकानातून आले की दारातच. कोण आहे? चहा घेऊन गेले की पुन्हा, कोण आहे? आणि मी रोज सांगते, आई, मी आहे, बबी. तिच्याच पोटची. मला झेपतं का, हे विचारलंस कधी?"

आपला आवाज किती चढला होता हे फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं. तोंडावर पाणी मारून ती आईच्या खोलीत गेली. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती.

"काय म्हणतो?"

"नवीन नियम आलाय," बबी म्हणाली. खोटं इतकं सहज जिभेवर आलं याचं तिलाच नवल वाटलं. "आता इथे उतरल्यावरही टेस्ट. आणि सात दिवस हॉटेलात राहायचं."

एरवी आई प्रत्येक नियम उलटसुलट विचारून घ्यायची आणि मग त्याला यथेच्छ नावं ठेवायची. आज ती नुसती "बरं" म्हणाली आणि अंगावरची शाल सारखी करू लागली.

दुसऱ्या दिवशी बबीने दार उघडलं तर आईच म्हणाली, "आलीस का बबे?"

बबीचा थकवा निम्मा उतरला. डोळ्यांत घालायच्या नव्या थेंबांचा गुण येत असेल, किंवा पावलं ओळखली असतील. चहा नेला तेव्हाही तेच, "ये बबे, ठेव." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. हे दादाला कळवावं असं तिच्या मनात येऊन गेलं, पण राग अजून पुरता गेला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. दार उघडंच होतं. गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन आत आला.

"आलीस का बबे?" आईचा आवाज आला. "दमली असशील. टेक जरा."

तो माणूस सिलिंडरसकट थबकला. "मी गॅसवाला, आजी."

"हो का," आई म्हणाली. "आत ठेवा मग."

बबीचे साबणाचे हात नळाखाली तसेच राहिले. त्या घरातली मधली भिंत नुसती नावाला होती, आणि आईचे डोळे गेले होते, कान नव्हते. त्या दिवशीचं फोनवरचं सगळं तिला ऐकू गेलं होतं. आईने कुणालाच ओळखलं नव्हतं. तिने फक्त विचारायचं सोडलं होतं. आता जो कोणी दारातून येईल तो बबी. गॅसवाला गेल्यावर बबी ओल्या हातांनी तिथेच फरशीवर बसली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही थकवा मोठा होता.

मग ती फोन घेऊन जिन्यात गेली.

"आई आता विचारत नाही, कोण आहे म्हणून," ती म्हणाली.

"म्हणजे? दिसायला लागलं?"

"नाही." तिने गॅसवाल्याचं सांगितलं. दादा एवढंच म्हणाला, "गॅसवाल्याला?"

"हो."

पुढच्या आठवड्यात तो आला. आधी फोन नाही, नियम नाही, चौकोन नाही. इमारतीच्या खालूनच फोन केला, खाली ये म्हणून. बबी उतरली तेव्हा तो बॅगेचा दांडा धरून उभा होता. केस बरेच पिकले होते. दोघं जिना चढले. दादा पुढे होता. दारात पोहोचला आणि उंबऱ्यावरच थांबला.

आईने मान वळवली. कडेने थोडं दिसतं म्हणून ती हल्ली तिरपंच बघायची.

"आलीस का बबे?"

दादाने वळून बहिणीकडे बघितलं. मास्कच्या वर त्याचे डोळे भरून आले होते. ज्या प्रश्नाला तो इतके दिवस भीत होता तो त्याच्या वाट्याला आलाच नव्हता.

"आले गं," बबी त्याच्या मागून म्हणाली. "बरोबर आणखी कुणीतरी आलंय."

आईचे ओठ हलले. मग तिने ते मिटले.

"असू दे," ती म्हणाली. "बसायला दे त्यांना."

"आई, विचार ना," बबी म्हणाली.

"काय विचारू?"

"कोण आहे ते विचार. तू विचारलंस तर चालतं मला."

आई बराच वेळ शालीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग दाराच्या दिशेने, परक्या माणसाला विचारावं तसं हळूच तिने विचारलं,

"कोण आहे?"

दादाने बॅग खाली ठेवली आणि मास्क काढला.