भागुबाईंचं आमेन

निफाडची ख्रिस्ती मंडळी हातची जाऊ दिली नाही, तर भागुबाईंच्या पदरात नेमकं काय पडणार होतं? पगार वाढणार नव्हता. घरोघरी बायबल सांगत फिरणाऱ्या बायबलबाईचा पगार वाढल्याचं शरणपुरात कुणी ऐकलेलं नव्हतं. मान मिळालाच तर तो पाळकसाहेबांना मिळणार. बाईंच्या वाट्याला एकच गोष्ट येणार होती. वीस वर्षांपूर्वी दारोदार हिंडून, चुलीपाशी बसून बसून त्यांनी जी बारा घरं उभी केली, ती आपलीच राहणार होती. भागुबाईंना हा सौदा फायद्याचा वाटला.

अठ्ठ्याहत्तर साली, दिवाळी उलटल्यावर निफाडहून नवसाबाईंचं कार्ड आलं. नातसुनेकडून लिहून घेतलेलं, पण बोली म्हातारीचीच: 'साहेब तीन महिने येतो येतो म्हनत्यात आन् येत नाय. आमी प्रभुभोजनाची भाकर, द्राक्षरस झाकून ठिवतो आन् सांजच्याला उचलतो. येत्या शनिवारी चारच्या आत आले तर बरं. नाय तर बिशपसाहेबाला अर्ज करून दुसरा पाळक मागतो. मंग बोल लावू नका.'

पाळकसाहेब, म्हणजे रेव्हरंड रंगनाथ भालेराव, देवमाणूस होते, आणि देवाला घड्याळ नसतं हीच पंचाईत होती. भागुबाईंनी त्यांची डायरी मागून घेतली. प्रत्येक भेटीची सुरू व्हायची वेळ सुवाच्य अक्षरात होती. संपायची वेळ एकीलाही नव्हती. तिन्ही महिने अडीचची एसटी चुकली होती, ती एकाच घरी. कारभारी मास्तरांच्या.

निवृत्त मास्तरांचं घर स्टँडच्या वाटेवर, आणि मास्तर कायम ओट्यावर. त्यांची तक्रार एकच होती: चर्चमधली तरुण पोरं गीतं फार वरच्या पट्टीत उचलतात. आता रीत अशी, की पाळक घरी आले की शेवटी प्रार्थना करतात आणि मगच उठतात. 'प्रार्थना घ्या' असं म्हणायचं यजमानांनी. मास्तर बोलून मोकळे होईपर्यंत तसं म्हणतच नसत.

"साहेब, उद्या प्रार्थना आधी," भागुबाई म्हणाल्या.

"असं कुठं असतं का, भागुबाई? प्रार्थना शेवटी असते."

"तुम्ही करा तर. शेवट आपोआप होतो."

शनिवारी दोन वाजता मास्तरांनी ओट्यावरून हाक मारली. दोघं आत गेले. मास्तर घसा खाकरतात तोच बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि मान खाली घातली. "साहेब, घ्या प्रार्थना." मास्तरांना डोळे मिटावेच लागले.

पण साहेब एकदा सुरू झाले की या घरातून गावात, गावातून देशात, तिथून परदेशातल्या बंधुभगिनींपर्यंत जात. सव्वादोनला ते आफ्रिकेत पोचले. तिथं त्यांनी श्वास घेतला, आणि तेवढ्या फटीत भागुबाई खणखणीत म्हणाल्या, "आमेन."

सवयीनं सारं घर म्हणालं, "आमेन."

साहेबांनी एक डोळा उघडला. तोवर बाई चपला घालत होत्या.

"अहो, पण माझं पट्टीचं—" मास्तर उठले.

"मास्तर, आमेन झालं की."

आमेननंतर गाऱ्हाणं उकरायची छाती शरणपुरात कुणाची नव्हती. मास्तरांचीही नव्हती, पण महिनाभर साठवलेलं पोटात राहीना. ते कोट अडकवून मागोमाग स्टँडवर आले. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता.

"इथं नको," बाई म्हणाल्या, "एसटीत बसून निवांत बोला."

चांदोरी मागे पडली तरी मास्तर पट्टीवरच होते. साहेब ऐकत होते, आणि गाडी आपली चालली होती.

चारला दहा कमी असताना नवसाबाईंनी दार उघडलं आणि साहेबांना निरखून पाहिलं. "इतक्या लवकर? बाई, साहेबाची तब्येत बरी हाय ना?"

बारा घरं जमली. चार महिन्यांनी निफाडात भाकर मोडली गेली. गीत मात्र असं निघालं, की जो तो आपापल्या वाटेनं चालला होता. मास्तरांनी एक कडवं सोसलं. दुसऱ्याला ते उठून पुढं आले, हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि खालच्या पट्टीत सूर दिला. मग जे गाणं झालं, ते ऐकायला शेजारची माणसं अंगणात येऊन उभी राहिली. नवसाबाईंनी बिशपसाहेबांना लिहून ठेवलेला अर्ज चुलीत सारला आणि त्यावरच चहा ठेवला.

"मास्तर," कप देत त्या म्हणाल्या, "फुडल्या टायमाला बी या. तुमच्याबिगर आता जमायचं नाय."

"येतो," मास्तर म्हणाले. बायको सोडता एवढं लक्ष देऊन त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि बायकोला इलाज नव्हता.

वर्षभरात अडीचची एसटी एकदाही चुकली नाही. पाळकसाहेब वक्तशीर म्हणून बिशपसाहेबांच्या पत्रात नाव कमावून बसले. नवसाबाईंना सूर मिळाला. भागुबाईंची बारा घरं सोळा झाली, आणि त्यांचा खर्च झाला एका शब्दाचा. बाकी सगळं मास्तरांनी भरलं: बारा शनिवार, जातायेताची तिकिटं, आणि जन्मभर जपलेली एक तक्रार.